बेळगावच्या मिठाईच्या दुकानाच्या वेबसाइटवर गूगलमधून ग्राहक कसे येतील?

आपल्या प्रश्नाचा आशय असा आहे की, शहापुरातील आपल्या दुकानाची वेबसाइट सुरू होऊन वर्ष होत आले, पुण्या-मुंबईहून कुंद्याच्या ऑर्डरी याव्यात अशी इच्छा आहे, पण गूगलवरून जवळजवळ कोणीच येत नाही, आणि एक एजन्सी दरमहा पैसे घेऊन पहिल्या क्रमांकाची हमी देत आहे.

ती हमी घेऊ नये. पहिल्या क्रमांकाची खात्री कोणीही देऊ शकत नाही, असे गूगलने स्वतःच्या मार्गदर्शनात स्पष्ट लिहिले आहे. अशा हमीमागे पुष्कळदा विकत घेतलेल्या बॅकलिंक, म्हणजे इतर वेबसाइटवरून आपल्या वेबसाइटकडे येणाऱ्या लिंक असतात, आणि २०१२ मध्ये गूगलने आपल्या क्रमवारीच्या पद्धतीत ‘पेंग्विन’ हा बदल आणल्यापासून त्यांचा उपयोग होण्यापेक्षा नुकसान होण्याचीच शक्यता अधिक असते.

त्याऐवजी वेबसाइट गूगल सर्च कन्सोलला जोडून घ्या. ही सेवा मोफत आहे. आपली कोणती पाने गूगलने नोंदवून घेतली आहेत आणि लोक कोणते शब्द टाइप करून आपल्यापर्यंत पोहोचतात, हे तिथे दिसते. याच टप्प्यावर आपल्याकडच्या वेबसाइटचा एक नेहमीचा दोष उघड होतो. छापखान्यात जुन्या, युनिकोड (सगळ्या संगणकांना आणि फोनना ओळखता येणारी अक्षरांची प्रमाण पद्धत) नसलेल्या फाँटमध्ये जुळवलेला मजकूर वेबसाइटवर आणला की त्याची अक्षरे विस्कटतात, म्हणून संपूर्ण माहितीपत्रकच चित्र करून चढवले जाते. ग्राहकाला ते चित्र वाचता येते, परंतु शोधासाठी त्यात भरवशाचा मजकूर उरत नाही. पदार्थांची नावे, दर, पत्ता हे सारे युनिकोड मराठीत टाइप केलेलेच हवे.

सीमाभागातील खरी अडचण नावांची आणि लिप्यांची आहे, आणि माझ्या मते आपले निम्मे काम इथेच आहे. १ नोव्हेंबर २०१४ पासून शहराचे अधिकृत नाव बेळगावी आहे, त्यामुळे आपल्या पत्त्यात तेच येते. पुण्याचा ग्राहक मात्र बेळगावचा कुंदा शोधतो, तोही कधी देवनागरीत, कधी रोमन लिपीत जुन्या स्पेलिंगने, तर हुबळी-धारवाडचा ग्राहक कन्नडमध्ये. दोन्ही नावे एकाच शहराची आहेत हे गूगलला बहुतांशी समजते; म्हणून प्रत्येक ओळीत दोन्ही नावे कोंबण्याची गरज नाही, पानाच्या शीर्षकात प्रचलित नाव आणि पत्त्यात अधिकृत नाव सहज येऊ द्यावे. लिपीचे तसे नाही. कन्नडमध्ये शोधणाऱ्याला प्रामुख्याने कन्नड पानेच दाखवली जातात, त्यामुळे मराठी, कन्नड आणि इंग्रजी यांसाठी वेगवेगळ्या वेब-पत्त्यांची (यूआरएल) स्वतंत्र पाने करावीत आणि ‘एचरेफलँग’ (hreflang) या, कोणते पान कोणत्या भाषेचे हे गूगलला सांगणाऱ्या पानाच्या कोडमधील खुणेने ती एकमेकांना जोडावीत. कन्नड पान यंत्राने भाषांतरित करून तसेच टाकू नये. ज्याची मातृभाषा कन्नड आहे अशा शेजाऱ्याकडून ते वाचून घ्यावे. बेळगावात असा शेजारी शोधावा लागत नाही, आणि ही सोय पुण्यातल्या एजन्सीला नाही.

पानांवर लिहायचे काय, याचे उत्तर आपल्या फोनवर रोज येते. कुंदा किती दिवस टिकतो, प्रवासात फ्रिज लागतो का, मुंबईला पार्सल कधी पोहोचते, डबा पाव किलोचा मिळतो का: जे प्रश्न ग्राहक फोनवर विचारतात तेच गूगललाही विचारतात. प्रत्येक महत्त्वाच्या प्रश्नाचे नेमके, आपल्या अनुभवातून आलेले उत्तर लिहा आणि त्यासोबत आपल्याच भट्टीवर दूध आटताना काढलेली छायाचित्रे द्या. इतर वेबसाइटवरून उचललेला कुंद्याचा इतिहास आपल्या पानाला वेगळेपण देणार नाही. कीवर्ड मेटा टॅगसाठी, म्हणजे पानाच्या कोडमध्ये लपवून लिहिलेल्या शोधशब्दांच्या यादीसाठी, कोणी पैसे मागत असेल तर देऊ नका. शोधातील क्रमासाठी तो टॅग आम्ही वापरत नाही, हे गूगलने २००९ मध्येच जाहीर केले आहे.

गूगल बिझनेस प्रोफाइलवर, म्हणजे गूगलच्या शोधात आणि नकाशावर दिसणाऱ्या दुकानाच्या नोंदीवर, वेळ, फोन आणि छायाचित्रे अद्ययावत ठेवा; गावात आलेला पाहुणा दुकान नकाशावरच शोधतो. पान मोबाइलवर लवकर उघडले पाहिजे, आणि मुख्य मजकूर २.५ सेकंदांच्या आत दिसावा हे गूगलचे माप आहे. कॅमेऱ्यातून निघालेली जड छायाचित्रे लहान केली तरी बराच फरक पडतो.

या कामाचा परिणाम दिसायला साधारण चार महिने ते एक वर्ष लागते. म्हणून दिवाळीच्या ऑर्डरी हव्या असतील तर पाने उन्हाळ्यातच लिहून प्रकाशित करा, आणि पुढे दर महिन्याला सर्च कन्सोलमधील शब्द पाहून, ज्या प्रश्नाला आपल्याकडे पान नाही त्याचे पान वाढवत जा.