दुखरा खांदा कोणता?

प्रश्न : काका, मी म्हापशाचा. टोरांटोतल्या मावसभावामुळे बेसबॉलचं वेड लागलं. जुलै 2009 च्या शेवटी सिनसिनाटी रेड्सनी 34 वर्षांच्या, दुखापतींनी बेजार स्कॉट रोलेनसाठी एडविन एन्कार्नासिओनसह तिघे खेळाडू टोरांटोच्या ब्लू जेज संघाला दिले. भाऊ म्हणतो, रेड्स फसले. खरं का?

उत्तर : बाबा, आधी विचार, दुखरा खांदा कोणता? रोलेनचा डावा. 2005 मध्ये मैदानावरच्या धडकेत गेलेला, शस्त्रक्रिया झालेला. फटक्यातला जोर त्यामुळे घटला, पण फेकीचा हात उजवा. तो थर्ड बेसवर, म्हणजे तिसऱ्या टप्प्यापाशी, क्षेत्ररक्षण करायचा; तिथून फर्स्ट बेसपर्यंत सुमारे 127 फूट चेंडू सरळ जावा लागतो. फोंड्यात सीमारेषेवरून फेकताना माझा उजवा खांदा निखळला, तेव्हापासून मी स्लिपमध्येच. चहाचा कपसुद्धा डाव्या हाताने उचलत होतो. म्हणून हा फरक मला कळतो.

2010 मध्ये रोलेनने 20 होमरन (आपल्या षटकारासारखे फटके) मारले, क्षेत्ररक्षणाचा गोल्ड ग्लोव्ह पुरस्कार मिळवला. रेड्सनी 1995 नंतर प्रथमच लीगमधला आपला विभाग जिंकला.

भावाचंही खरं आहे. एन्कार्नासिओनने 2012 मध्ये 42 होमरन ठोकले. पण मध्यंतरी टोरांटोनेच त्याला सोडून परत घेतलं होतं, हे त्याला विचार. मी तर हा सौदा केलाच असता.