नव्याने कमिटीवर आलेल्या ताईंना

ताई, सोसायटीच्या कमिटीवर निवडून आलात, आनंद झाला. पहिल्याच मीटिंगला सीसीटीव्हीची कोटेशनं पुढे येतील. जरा थांबा. आधी एकदा रात्री साडेदहाला पार्किंगमधून मागच्या गेटपर्यंत चालत जा. कुठे पाय अडखळतो, कुठे उजेड संपतो, ते वहीत लिहा. आमच्याकडे कॅमेरे आठ होते, पण पंपरूमजवळचा दिवा कित्येक महिने बंद. तो लागल्यावर बायका पुन्हा त्या वाटेने जाऊ लागल्या.

अग्निसुरक्षेत मात्र अजिबात चालढकल नको. महाराष्ट्रात २००६ च्या कायद्याप्रमाणे परवानाधारक एजन्सीकडून दर जानेवारी आणि जुलैत 'बी' फॉर्म, म्हणजे आगीची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला, घ्यावा लागतो. पण नुसत्या कागदावर विसंबू नका. स्वतः उभं राहून होजरीलचा, म्हणजे आग विझवायच्या गुंडाळलेल्या पाइपचा, व्हॉल्व्ह उघडायला लावा. आमच्या चौथ्या मजल्यावर नुसती हवा आली, पाणी आलंच नाही. त्या रात्री मला झोप लागली नाही. आणि बंब आत येण्याच्या वाटेवर एकही गाडी लावू देऊ नका.

खेळायच्या जागेत घसरगुंडीखाली पेव्हर ब्लॉक असतील तर ते काढून फूटभर वाळू टाका. झोपाळ्याच्या कड्या वरच्या टोकाला झिजतात, खालून कळत नाही. शिडी लावून बघा. काय हवंय ते मुलांना विचारा, आजी-आजोबांनाही. आमच्या आज्यांना जॉगिंग ट्रॅक नको होता. पाठ टेकता येईल असा बाक हवा होता, तोही नातवंडं नजरेसमोर राहतील अशा जागी.

मोठ्या खर्चाला सर्वसाधारण सभेची मंजुरी घ्या, मगच काम द्या.