रिपोर्ट नॉर्मल, तरी कोणी आवाज चढवला की हातपाय थरथरतात. लहानपणची भीती शरीरात राहते का?

तुम्ही लिहिलंय की लहानपणी घरात रोज आरडाओरडा, मारहाण असायची. आता सगळं शांत आहे, तरी कोणी मोठ्याने बोललं की छाती धडधडते, पोट ढवळतं, आणि तपासण्यांत काहीच निघत नाही. ‘हे मनाचे खेळ आहेत का?’ असं विचारलंत.

नाही, हे मनाचे खेळ नाहीत. मीही अशाच घरात वाढलो. कुलपात किल्ली कशी फिरते यावरून ती संध्याकाळ कशी जाणार हे मला सातव्या वर्षी कळायचं. आज चाळिशीतही दारात किल्ली वाजली की माझा श्वास अडतो.

धोका जाणवला की मेंदूतला अमिग्डाला हा भीती ओळखणारा भाग इशारा देतो. मेंदूतलाच हायपोथॅलॅमस हा भाग, त्याखालची पिट्युटरी ग्रंथी आणि मूत्रपिंडांवरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी कामाला लागतात. अ‍ॅड्रिनलिन आणि कॉर्टिसॉल ही ताणाची हार्मोन्स रक्तात येतात, ठोके आणि साखर वाढते, पचन मंदावतं. धोका टळला की कॉर्टिसॉलच मेंदूला ‘आता पुरे’ असं कळवतं. पण धोका घरातच राहत असेल तर? मेंदू घडण्याच्या वयात तो त्या घरासाठीच घडतो. अमिग्डाला चटकन पेटायला शिकतो. त्याला आवर घालणारा कपाळामागचा भाग तर विशीच्या मध्यापर्यंत पक्व होत असतो. काहींचं कॉर्टिसॉल सतत चढं राहतं, काहींचं उलट दबलेलं. म्हणून एखाद्या रक्ततपासणीत हे सापडेलच असं नाही. तुमचं शरीर बिघडलेलं नाही. त्याने तुम्हाला त्या घरातून जिवंत बाहेर काढलं, फक्त धोका संपल्याचं त्याला अजून पटलेलं नाही.

१९९८ साली अमेरिकेत व्हिन्सेंट फेलिटी आणि रॉबर्ट आंडा यांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. बालपणी चार किंवा अधिक प्रकारचे आघात झालेल्यांत दारूचं व्यसन, नैराश्य, आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका चार ते बारा पट आढळला. हृदयविकाराशीही संबंध दिसला. पण हे आकडे समूहाचे आहेत. या अभ्यासावर आधारलेली, बालपणीच्या आघातांची प्रश्नावली भरून, गुण मोजून घाबरू नका. त्या गुणांवरून एकेका माणसाचं भवितव्य ठरवू नये, असं आंडांनीच २०२० मध्ये लिहिलं.

मेंदू पुढेही बदलतो. आघातावर केंद्रित सीबीटी (विचार आणि वागण्याच्या सवयी बदलणारी थेरपी) आणि ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचालींसोबत त्रासदायक आठवणींवर काम करणारी थेरपी) हे उपचार जागतिक आरोग्य संघटनेनेही सुचवले आहेत. मला थेरपीत बरं वाटायला दीड वर्ष लागलं. श्वास अजून अडतो, पण मिनिटभरात सुटतो. पूर्वी अख्खी रात्र जायची.

पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाल तेव्हा लक्षणांसोबत लहानपणचंही सांगा. दोन वाक्यांत सांगितलं तरी चालेल. ‘घरात मारहाण व्हायची, आवाजाने अजून असं होतं.’ मी हे वाक्य कागदावर लिहून नेलं होतं, कारण तोंडातून निघत नव्हतं.