हात त्याला धरू द्या

प्रश्न : नमस्कार ताई. माझा मुलगा अकरावीत आहे. त्याला रेटिनायटिस पिगमेंटोसा आहे. अंधारात काहीच दिसत नाही, दिवसाही फक्त समोरचं थोडंसं. मित्र रविवारी रामटेकचा गड चढायला चाललेत. ‘पडलाबिडला तर?’ म्हणून त्याच्या बाबांनी नाही म्हटलं. तेव्हापासून तो घरात धड बोलत नाही. मी कोणाची बाजू घेऊ? – एक आई, नागपूर

उत्तर : मुलाची घ्या. बाबांची भीती खोटी नाही, फक्त ती नको तिथे अडकली आहे.

या आजारात बाजूची नजर आधी जाते. त्यामुळे त्याला लांबचं शिखर दिसेल, पण पायाजवळचा दगड दिसणार नाही. उन्हातून गडावरच्या मंदिराच्या गाभाऱ्यात शिरला की बराच वेळ काहीच दिसणार नाही. हे मित्रांना माहीत हवं, आणि ते त्यानेच सांगावं. तुम्ही फोन करून सांगितलंत तर तो पुढच्या सहलीचं नावही काढणार नाही.

आता मुख्य गोष्ट. आपण अशा मुलाचा दंड पकडतो आणि त्याला पुढे ढकलत नेतो. तसं नको. मित्राने अर्धं पाऊल पुढे चालायचं आणि याने त्याच्या कोपराच्या जरा वर धरायचं. मित्र चढला की हाताला आपोआप कळतं. अरुंद जागी मित्राने तोच हात पाठीमागे घ्यायचा, म्हणजे हा त्याच्या मागे येतो. पायऱ्या आल्या की थांबून ‘वर’ की ‘खाली’ एवढं सांगायचं. उतरताना जास्त सावध. पोट्टे हे अर्ध्या तासात शिकतात; मोठ्यांनाच हात सोडवत नाही.

बाबांना कांचनमाला पांडे माहीत असतील. नागपूरच्या या दृष्टिहीन जलतरणपटूने २०१७ मध्ये मेक्सिकोत जागतिक पॅरा जलतरण स्पर्धेत सुवर्ण जिंकलं. ‘तिची गोष्ट वेगळी,’ असं ते म्हणतीलच. म्हणू द्या. पदक बाजूला ठेवा आणि पद्धत बघा. पूर्ण अंध गटात भिंत जवळ आली की काठावरचा माणूस लांब काठीच्या मऊ टोकाने टपली मारतो. पोहायचं मात्र पोहणाऱ्यानेच.

रविवारी सकाळी लवकर निघू द्या. हिवाळ्यात आपल्याकडे साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो, त्याच्या बऱ्याच आधी गडावरून उतरलेलं बरं. कडेची टोपी आणि पांढरी काठी सोबत असू द्या. काठीची लाज वाटत असेल तर घडीची काठी पिशवीत ठेवू दे, पण घरी राहायला नको. खाऊ हातात नको. रामटेकची माकडं दिसणाऱ्यांनाही सोडत नाहीत.

तुम्ही मात्र मागे मागे गाडी घेऊन जाऊ नका. शनिवारी सकाळी बापलेकांना अंबाझरी तलावावर फिरायला पाठवा. कोपर कसं धरायचं ते मुलगा बाबांना दाखवेल. बाबांचा ‘नाही’ तिथेच सैल झाला तर ठीक. नाही झाला, तरी रविवारचा डबा तुम्ही भरा.