नोकरी शोधताना रिक्रूटरमार्फत जावं की कंपनीत थेट अर्ज करावा?

थेट अर्ज करा. रिक्रूटर, म्हणजे कंपन्यांना माणसं शोधून देणाऱ्या एजन्सीचा माणूस, तुमच्यासाठी काम करत नसतो, त्याला पैसे कंपनी देते. हे ठाऊक असूनही लोक हातचं राखून बोलतात, म्हणून माझंच सांगतो.

एका कंपनीत मला जायचंच होतं. साइटवर जागा दिसली, रीतसर अर्ज भरला, तिथल्या मॅनेजरशी बोलणंही छान झालं. मग एचआरचा फोन, "तुमचा सीव्ही आमच्याकडे एका एजन्सीतर्फे आधीच आलाय." कोण एजन्सी? तर ज्यांनी भलत्याच जागेसाठी माझा सीव्ही मागून घेतला आणि नंतर माझा फोन उचलायचंही सोडून दिलं, तीच मंडळी. मला एका शब्दानं न विचारता त्यांनी तो तिथे पाठवला होता.

आता यात मेख अशी, की पाठवलेल्या उमेदवारावर एजन्सीचा हक्क करारानुसार बहुधा 6 ते 12 महिने राहतो. त्या मुदतीत कंपनीनं त्याला घेतलं की फी लागू, आणि ती पहिल्या वर्षाच्या पगाराच्या साधारण 15 ते 25 टक्के असते. म्हणजे आपल्या पायांनी चालत आलेला मी एकाएकी महागडा झालो. मी परवानगी दिलीच नव्हती, तसं लेखी देतो म्हटलं. एचआर म्हणाले, आम्हाला या भानगडीत पडायचं नाही. जागा दुसऱ्याला गेली.

आमचे दाजी आजही म्हणतात, "तू मध्येच थेट अर्ज करून घोळ घातलास." अहो, जे मला कुणी सांगितलंच नव्हतं त्याच्या मध्ये मी येणार कसा?

एजन्सीचा फोन आला तर आधी कंपनीचं नाव विचारा. नाव नाही तर सीव्ही नाही. दर वेळी लेखी विचारल्याशिवाय तो कुठेही पाठवायचा नाही, असा मेल टाकून ठेवा. उमेदवाराकडे पैसे मागणारा तर दारातही नको. कामगाराकडून फी घ्यायची नाही हा मूळ नियम आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या 1997 च्या 181 क्रमांकाच्या करारातच आहे.

हां, कंपनीच्या स्वतःच्या पगारावरचा रिक्रूटर वेगळा, त्याच्याशी खुशाल बोला. अगदी वरच्या जागांची कित्येकदा जाहिरातच निघत नाही. तिथे एजन्सीला फीचा काही भाग आगाऊ मिळतो, त्यामुळे ती सीव्ही उधळत बसत नाही, नेमकी माणसं हेरते. दाजींना नोकरी अशीच लागली, घरी फोन करून बोलावणं आलं होतं. त्या जोरावर ते मला शिकवतात.

आणखी एक. एजन्सीच्या जाहिरातीत कंपनीचं नाव नसेल तर त्यातलं एखादं चमत्कारिक वाक्य उचलून जसंच्या तसं सर्च करा. पुष्कळदा तोच मजकूर कंपनीच्या साइटवर सापडतो. तिथे अर्ज करा. दाजी याला लबाडी म्हणतात. म्हणोत.