गोळी चालू होती आणि दिवस राहिले

प्रश्न : डॉक्टर, माझं वय 31. बाबांना 42व्या वर्षी अटॅक आला तेव्हा आम्हा भावंडांचं पण रक्त तपासलं, माझं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, 210 निघालं. दोन वर्षं रोज रात्री अॅटोरवास्टॅटिन 20 घेतेय. परवा टेस्ट पॉझिटिव्ह आली, सातवा आठवडा चालूय. गोळीसोबतचा कागद वाचला आणि हातपायच गळाले. बाळाला काही होईल का, पाडावं लागेल का? आणि नंतर अंगावर पाजताना गोळी चालेल?

उत्तर : आधी पाणी प्या. नुसत्या या गोळीपायी पाडायचं काहीच कारण नाही. स्टॅटिन, म्हणजे तुमची गोळी ज्या गटातली तो कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या औषधांचा गट, वर्षानुवर्षं गरोदरपणात 'अजिबात नको'च्या यादीत होतं, म्हणून कागदावर तसा दम भरलेला असतो, पण 2021मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, तो सरसकट मनाईचा इशारा काढायला सांगितला, कारण सुरुवातीच्या आठवड्यांत चुकून गोळी गेलेल्या बायकांच्या बाळांमध्ये या गोळीमुळे व्यंग वाढल्याचं दिसलं नाही. याचा अर्थ चालू ठेवा असा नाही हं. आजपासून बंद, आणि गायनॅकला पहिल्याच भेटीत गोळीचं नाव आणि डोस सांगा, लपवू नका.

मग माझ्या हार्टचं काय, असं वाटेल. रक्ताच्या नळ्यांमध्ये चरबी साठायला वर्षं लागतात, आठ-नऊ महिन्यांच्या सुट्टीने सहसा फरक पडत नाही. आणि या काळात रिपोर्ट काढून घाबरू नका, गरोदरपणात कोलेस्टेरॉल आपोआपच वाढतं, बाळाला ते लागतंच. ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली दुसरी चरबी, फार चढलं तर मात्र स्वादुपिंडाला सूज येऊ शकते, तेवढ्यावर डॉक्टर लक्ष ठेवतील.

ज्यांना आधीच अटॅक येऊन गेलाय किंवा आई-वडील दोघांकडून जास्त कोलेस्टेरॉलचा दोष आलाय, त्यांचा हिशोब वेगळा, तिथे कार्डिओलॉजिस्ट कधीकधी स्टॅटिन चालूही ठेवतात. नाहीतर कोलेस्टिरामिनची पावडर असते, ती रक्तात शिरतच नाही, आतड्यातच पित्ताला धरून बाहेर पडते. चव वाळूसारखी, पोट गच्च होतं, आणि लोहाच्या, फॉलिक अॅसिडच्या गोळ्या पावडरच्या तासभर आधी किंवा चार-सहा तासांनी घ्याव्या लागतात, नाहीतर त्यांनाही ती धरून बसते. तुम्हाला बहुधा तिचीही गरज पडणार नाही.

अंगावर पाजत असताना स्टॅटिन नको, औषध दुधात उतरू शकतं. दूध तुटलं की पुन्हा सुरू. सासूबाईंचे डिंकाचे लाडू येतीलच, एखादा खा, डबा संपवू नका.

आणि एक, वडिलांचं वय आणि तुमचा आकडा बघता हे घराण्यातून आलेलं असावं. तसं असेल तर बाळाकडे जायची शक्यता निम्मी. ते दोन वर्षांचं झालं की पेडियाट्रिशियनला हे सांगून त्याचंही रक्त तपासून घ्या.