गाडीचा सल्ला : लॉराची हवा जाते कुठे?

प्रश्न : काका, माझी २०११ ची स्कोडा लॉरा १.८ टीएसआय (टर्बोवाली पेट्रोल) आहे. खंबाटकी चढताना पूर्वी तिसऱ्या गिअरमध्ये सुसाट जायची, आता दम तोडते. मधूनच चेक इंजिनचा दिवा लागतो, स्कॅनरवर पी०२९९ येतो. एका गॅरेजवाल्याने थेट ‘टर्बो गेला’ म्हणून सांगितलं. दुसऱ्याने डायव्हर्टर व्हॉल्व्हवर संशय घेतला, पण करंट देऊन बघितला तर व्हॉल्व्ह चालू आहे म्हणाला. भाचा म्हणतो, हवा बाहेर सोडणारा मोठा ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह बसवा, फुस्स आवाजही झकास येतो. काय करू?
— एक वाचक, सातारा

उत्तर : टर्बोला, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्याला, हात लावू देऊ नका. पी०२९९ चा अर्थ एवढाच की ईसीयूने (इंजिनाच्या कॉम्प्युटरने) मागितला तेवढा बूस्ट (टर्बोचा हवेचा दाब) मिळाला नाही. तो कुठे गळला, हे कोड सांगत नाही.

तुमच्या दुसऱ्या मेकॅनिकचा संशय बरोबर आहे, तपासणी मात्र अर्धवट. या इंजिनात टर्बोची जास्तीची हवा परत मागे वळवणारा हा डायव्हर्टर व्हॉल्व्ह विजेवर चालतो. १२ व्होल्ट दिले की टक् करून आत ओढला जातो. पण टक् वाजला म्हणजे कॉइल जिवंत आहे, बाकी काही नाही. जुन्या पद्धतीच्या व्हॉल्व्हमध्ये पुढे रबरी डायफ्राम (पातळ पडदा) असतो. गरम टर्बोला चिकटून, तेलाच्या वाफा खात त्याने वर्षं काढलेली असतात. तो कडेने फाटला तरी टक् वाजतोच, आणि व्हॉल्व्ह खराब म्हणून वेगळा कोडही बहुधा येत नाही.

साबणाच्या पाण्याची टेस्टही इथे फसवते. एअर फिल्टरकडचा पाइप बंद करून कॉम्प्रेसरने हवा भरली की इंटरकूलरचे (टर्बोची गरम हवा गार करणाऱ्या जाळीचे) होज आणि क्लिपा कुठे गळतात ते फेसावरून कळतं. ती टेस्ट जरूर करा, फक्त दाब १० पीएसआयच्या वर नेऊ नका, नाहीतर इंजिनाची सीलं जायची. पण डायव्हर्टरमधून गळणारी हवा बाहेर येतच नाही, ती टर्बोच्या तोंडाशी परत जाते. टेस्टच्या वेळी त्याच्या दोन्ही अंगांना सारखाच दाब, मग फेस येणार कुठून? म्हणून व्हॉल्व्ह काढूनच बघायचा. गाडी वर घ्या, खालचं कव्हर उतरवा, तीन बोल्ट आहेत. टर्बो पूर्ण थंड झाल्यावरच, हे सांगायला नको. डायफ्राम उजेडात धरून कडेकडेने बोटाने हलका ताणा. चीर असेल तर तिथे उघडते. रबर जुन्या कुकरच्या रिंगसारखं कडक झालं असेल तर चीर नसली तरी बदला.

आता भाच्याचा मोठा व्हॉल्व्ह. तुम्ही अ‍ॅक्सिलरेटर सोडता तेव्हा थ्रॉटल (इंजिनात हवा सोडणारी झडप) मिटतो, पण टर्बो फिरतच असतो. कोंडलेली हवा उलटी कॉम्प्रेसरच्या पात्यांवर येऊ नये म्हणून हा व्हॉल्व्ह उघडतो आणि ती परत टर्बोच्या अलीकडे सोडतो. एअरफ्लो मीटर असलेल्या गाडीत ही हवा आधीच मोजलेली असते. ती बाहेर उडवली तर ईसीयू मात्र त्या हवेच्या हिशेबानेच पेट्रोल देतो. मिश्रण घट्ट होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त पडतं, गिअर बदलताना गाडी अडखळते, सायलेन्सर काळवंडतो, सिग्नलला येताना इंजिन बंदही पडतं. भाच्याला आवाज हवा असेल तर त्याने तो स्वतःच्या गाडीत करावा!

अपग्रेड करायचाच तर हवा परत आत सोडणाराच घ्या. नंतर कंपनीनेही डायफ्राम सोडून प्लास्टिकच्या पिस्टनचा व्हॉल्व्ह आणला. बाहेर ‘गो फास्ट बिट्स’ या ऑस्ट्रेलियन कंपनीचा ‘डीव्ही प्लस’ मिळतो. त्यात तुमचीच कॉइल राहते, पुढचा भाग तेवढा धातूच्या पिस्टनचा होतो. बूस्टचाच दाब पिस्टनच्या मागे जाऊन त्याला मिटवून धरतो, त्यामुळे फाटायला काही उरत नाही. गाडी रीमॅप केली असेल, बूस्ट वाढवला असेल, तर हाच घ्या. पण गाडी कंपनीच्या सेटिंगवर आहे आणि पुण्याला जाऊन यायचं एवढंच काम आहे, तर नवा ओरिजिनल व्हॉल्व्ह पुरे. पिकअप त्यानेही तेवढाच परत येईल. कुठल्याही अपग्रेडने मूळ १६० पीएसचे १७० होत नाहीत. गळलेले परत मिळतात, इतकंच.

व्हॉल्व्ह निघाला ठणठणीत, तर पुढे पीसीव्हीचा (इंजिनातल्या वाफा परत आत सोडणाऱ्या व्हॉल्व्हचा) डायफ्राम आणि वेस्टगेट (टर्बोचा दाब आवरणारी झडप) बघा. टर्बोचा नंबर सगळ्यात शेवटी.

प्रश्न : माझी एसयूव्ही डिझेल आहे. तिला ब्लो-ऑफ व्हॉल्व्हचं किट आणून ठेवलं आहे. बसवू का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : नको. डिझेल इंजिनाची ताकद इंधनावर कमी-जास्त होते, हवा अडवून नव्हे. फ्लॅप असतो, पण तो ईजीआरसाठी (थोडा धूर परत इंजिनात फिरवण्यासाठी) आणि इंजिन बंद करताना. पाय काढला म्हणून हवा कोंडतच नाही, मग सोडायची कुठली? डिझेलची ही किटं पेडलवरून विजेने व्हॉल्व्ह उघडतात आणि नुसत्या आवाजासाठी चांगला बूस्ट बाहेर टाकतात. वर होजमध्ये गळतीची एक नवी जागा तयार होते. दुकानदार परत घेत असेल तर पावती शोधून ठेवा.